पगाराचा तक्ता भरताना

चि. ओजस,
अनेक आशीर्वाद.

वार्षिक अहवालातला पगाराचा तक्ता यंदा तुझ्याकडे आलाय हे ऐकून फार बरं वाटलं. तू म्हणालास, नुसतं फॉर्म भरायचं काम आहे. मला तसं वाटत नाही, म्हणून हे पत्र.

सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या, बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना हे बंधनकारक केलं. संचालकांपासून कामगारांपर्यंत प्रत्येक गटात पुरुष किती, बायका किती आणि दोघांचा मध्यक पगार (म्हणजे सगळे पगार क्रमाने लावले की बरोबर मधला येतो तो) किती, ते छापायचं. मध्यकच मागितला हे चांगलं केलं. दोन-चार गलेलठ्ठ पगारांनी सरासरी फुगते, मध्यक सहसा हलत नाही.

"आमच्याकडे एका पदाला एकच पगार," असं तुला कुणीतरी सांगेलच. तसा कायदा १९७६ पासून आहे. पण ब्रिटनमधल्या इझीजेट या विमान कंपनीचं बघ. तिकडे २५० किंवा जास्त कर्मचारी असले की पुरुष आणि बायकांच्या पगारातली तफावत जाहीर करावी लागते. त्यांची पहिल्याच खेपेला ४५ टक्क्यांच्या वर निघाली. बाई पायलटला पुरुषाइतकाच पगार होता, पण पायलटांमध्ये बायका होत्या जेमतेम ६ टक्के आणि केबिन क्रूमध्ये बहुतेक त्याच. आकडा छापल्यावर प्रश्न पडतोच, बायका पायलट का होत नाहीत?

तुमच्याकडेही ही तूट नकळत शिरते. मुलाखतीत "आधीचा पगार किती?" विचारायचं आणि त्यावर टक्के चढवायचे, ही पद्धत मला मुळीच पटत नाही. जिला आधीच्या ठिकाणी कमी मिळालं, तिला तुमच्याकडेही कमीच मिळणार. पदाचा पगार आधी ठरवा आणि जाहिरातीत छापा.

तुझ्या वेळी मी रजेवरून परतले, तेव्हा "तुम्ही वर्षभर नव्हतात" म्हणून माझं प्रमोशन राहिलं. पुढची प्रत्येक वाढ त्या खालच्या पायरीवरून मोजली गेली, आज पेन्शनही तशीच येते. आता रजा २६ आठवड्यांची झाली, पण अप्रेझलच्या वेळी साहेबांच्या मनात काय असतं, ते तक्त्यात दिसत नाही. ते तुलाच विचारावं लागेल.

तुझ्या टीममधली ती मुलगी बाळंतपणाहून जूनमध्ये परत येणार म्हणालास ना? तिचं यंदाचं अप्रेझल कुणी केलंय, आणि काय लिहिलंय, ते आधी बघ. मग मला फोन कर.

तुझी,
आई