अली की मार्सियानो: नियम कोणत्या काळाचे?

मा. संपादक,

महंमद अली आणि रॉकी मार्सियानो या हेवीवेट मुष्टियोद्ध्यांमधील काल्पनिक लढतीवर वाद घालणारे ताकद आणि चपळाई यांची तुलना हिरिरीने करतात. मात्र लढत कोणत्या काळाच्या नियमांनी खेळवायची, हे कुणी विचारत नाही. सप्टेंबर 1952 मध्ये तत्कालीन जगज्जेता जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध मार्सियानो तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर पिछाडीवर होता. तेराव्या फेरीत त्याचा उजवा ठोसा जबड्यावर बसला आणि वॉलकॉट डावा हात दोरावर अडकलेल्या अवस्थेत खाली घसरला. तेव्हा जगज्जेतेपदाच्या लढती 15 फेऱ्यांच्या असत. आजच्या 12 फेऱ्यांच्या नियमाने मार्सियानो ती लढत गुणांवर हरला असता आणि 49 लढतींत 49 विजय हा त्याचा लौकिक उरला नसता.

1969 मध्ये या दोघांना खरोखरच रिंगणात उतरवून चित्रीकरण झाले (निवृत्त मार्सियानोने त्यासाठी केसांचा टोप घातला होता) आणि संगणकाने काढलेल्या निकालाचा हवाला देत अमेरिकेत मार्सियानो जिंकलेला दाखवला, तोही तेराव्याच फेरीत! युरोपात मात्र अली विजयी ठरला. माझ्या मते, हातांच्या लांबीचा मोठा फायदा असलेला अली 12 फेऱ्यांत गुणांवर जिंकेल. 15 फेऱ्या असतील, तर मी पैज लावणार नाही.

आपला,
एक वाचक