गाभ राहतो, पण टिकत नाही: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय पशुसंवर्धन मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

पशुप्रजननाच्या मूलभूत संशोधनाला दीर्घ मुदतीचा निधी मिळावा, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. मी पशुवैद्यक आहे आणि ‘गाय पुन्हा उलटली’ ही तक्रार माझ्या कानांवर सतत पडते. माज (गाय गाभण राहण्यास तयार असल्याचा काळ) ठळक असतो, सोट म्हणजे योनीतून येणारा काचेसारखा स्वच्छ स्राव दिसलेला असतो, कृत्रिम रेतन वेळेवर झालेले असते, आणि तरीही एकविसाव्या दिवसाच्या आसपास गाय परत माजावर येते. मग दोष रेतमात्रेला, रेतन करणाऱ्याला नाहीतर थेट गाईला दिला जातो आणि असे चार वेळा घडले की चांगली दुधाळ गाय भाकड ठरवून विकली जाते.

संशोधन मात्र वेगळेच चित्र दाखवते. गाईंमध्ये फलनाचे प्रमाण साधारणपणे 90 टक्क्यांच्या आसपास असते. प्रत्यक्षात वासरू मिळण्याचे प्रमाण त्याहून फार खाली येते आणि भरपूर दूध देणाऱ्या गाईंत तर ते अनेकदा 40 टक्क्यांच्या आसपासच राहते. या नुकसानीचा मोठा भाग पहिल्या अडीच-तीन आठवड्यांतला आहे. म्हणजे आपण जिला ‘राहिलीच नाही’ म्हणतो, ती पुष्कळदा राहिलेली असते. तिचा गर्भ टिकलेला नसतो.

तो का टिकत नाही, हे समजू लागले ते फुलर बेझर आणि मायकेल रॉबर्ट्स यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या चिकाटीमुळे. मेंढीचे अगदी कोवळे गर्भ पोषक द्रावणात ठेवून ते कोणती प्रथिने सोडतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. त्यात सापडलेले एक प्रथिन इंटरफेरॉनच्या, म्हणजे एरवी विषाणूंविरुद्ध पेशी सोडतात त्या संदेशवाहक प्रथिनांच्या, कुळातले असल्याचे 1987 मध्ये उघड झाले. आज ते इंटरफेरॉन टाऊ म्हणून ओळखले जाते. गर्भ राहिला नसेल, तर गर्भाशयातून स्रवणारे प्रोस्टाग्लॅंडिन हे रसायन बीजांडकोशावरील पीतपिंड ही ग्रंथी विरघळवते, तिच्यातून येणारे, गर्भ टिकवणारे संप्रेरक प्रोजेस्टेरॉन उतरते आणि माज परत येतो. गाईत सोळाव्या दिवसाच्या सुमारास, गोलसर गर्भ लांबत जाऊन धाग्यासारखा झालेला असताना, त्याच्या बाहेरच्या पेशी हे इंटरफेरॉन सोडतात आणि प्रोस्टाग्लॅंडिनचे ते सत्र थांबवतात. वाढीत मागे पडलेल्या गर्भाकडून हा संदेश अपुरा जातो आणि आईचे शरीर गाभण नसल्यासारखे वागू लागते. इतक्या नाजूक टप्प्यावर गाईला उन्हाचा ताण असेल, व्यायल्यानंतर तिची अंगझीज भरून आली नसेल किंवा प्रोजेस्टेरॉन कमी पडत असेल, तर केवळ दुसरी रेतमात्रा भरून काय साधणार?

या कामासाठी दोघांना 2002-03 चा कृषी क्षेत्रातील वुल्फ पुरस्कार मिळाला. गर्भाच्या प्रथिनांवरील अशाच संशोधनातून पुढे रक्ताच्या किंवा दुधाच्या नमुन्यावरून रेतनानंतर सुमारे 28 दिवसांनी गाभण तपासणी करणे शक्य झाले. रिकामी गाय इतक्या लवकर कळली, तर पुढचा माज हातचा जात नाही आणि दोन वेतांमधले अंतर आटोक्यात राहते. हे फळ हाती यायला मात्र वर्षानुवर्षे लागली, आणि दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांवर विसंबून असे काम होत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय एका जनावराचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. डुकरिणीत गर्भाचा मुख्य संदेश इस्ट्रोजेन हे संप्रेरक असते, तर घोडीच्या गर्भाचा संदेश नेमका कोणता, हे अजून सापडलेले नाही. मुका माज दाखवणाऱ्या, म्हणजे माजाची लक्षणे ठळक न दिसणाऱ्या, म्हशीवरचे काम गाईवरच्या निष्कर्षांची नक्कल करून भागणार नाही.

म्हणून विनंती अशी, की गर्भधारणेच्या पहिल्या महिन्यावरील संशोधनाला किमान दहा वर्षांचा सलग निधी द्यावा आणि कृत्रिम रेतन कार्यक्रमाचे यश रेतनांच्या संख्येवरून मोजणे थांबवावे. प्रत्येक रेतनाच्या नोंदीत 28 व्या दिवसानंतरची गाभण तपासणी आणि व्यायल्याची तारीख हे दोन रकाने सक्तीचे करावेत, व त्या नोंदी संशोधकांना अभ्यासासाठी खुल्या कराव्यात.

आपला विश्वासू,
एक पशुवैद्यक