मिरजेच्या मिस्त्रीकाकांना उघडं आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांना वाचता यावं असं लिहितोय, त्याला कारण आहे. सांगली-साताऱ्याकडे कुणाच्या वाड्यात किंवा पेंडीच्या गोदामात दुसऱ्या महायुद्धाआधीची मोठी गाडी निघाली की पहिला फोन तुम्हाला येतो, आणि तुम्ही तेच ते न कंटाळता पुन्हा सांगता. आता फोन आला की हे पत्र पुढे करा. तुमचा हात सगळ्यात जास्त फिरलाय तो रोल्स-रॉइस 20/25 वर, म्हणून दाखले तिचेच देतो.

पहिले आभार घेण्याआधीच्या सल्ल्याचे. 1929 ते 1936 या काळात या मॉडेलच्या 3,827 गाड्या निघाल्या. कंपनी फक्त इंजिनासकट चासी विकायची. वरची बॉडी बार्कर, हूपर, पार्क वॉर्ड अशा बॉडीवाल्यांकडून गिऱ्हाईक बांधून घ्यायचं. त्यामुळे एकीचं दार दुसरीला बसत नाही. विकणारा हमखास 'संस्थानची गाडी' म्हणून सांगतो. त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं: "राजा राहू दे, चासी नंबर वाच." इंग्लंडात पॉलर्सपरी गावच्या हंट हाउसमध्ये, म्हणजे रोल्स-रॉइस शौकिनांच्या क्लबच्या ठाण्यावर, या गाड्यांची चासी कार्डं जपून ठेवलेली आहेत. नंबर कळवून शुल्क भरलं की नक्कल मिळते. पहिला मालक कोण, बॉडी कुणाची, चासी कधी बाहेर पडली, सगळं त्यात असतं. पन्नास रुपयांच्या चहा-भज्यांवर रंगलेल्या राजेशाही कथा त्या एका कागदाने मिटतात. (नंबरांच्या मालिकेत 13 हा आकडा कंपनीने टाळलाय. साहेब लोकही आपल्यासारखेच.)

कागदपत्रांचं थोडक्यात. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. पुढच्या नोंदणीला 5,000. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो, नवीन असेल तर 'व्हीए' मालिकेतला मिळतो. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर काढायची. लग्नाच्या वरातीला भाड्याने देण्याचा बेत असेल तर तो इथेच सोडावा.

रंग आणि निकेल बघून पैसे मोजणाऱ्यांना तुम्ही आधी लाकूड दाखवता. ॲल्युमिनियमच्या पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा असतो आणि खरा खर्च तिथेच दडलेला असतो. दार अर्धं उघडून टोकाला धरून वर उचलायचं: दाराबरोबर खांबही हलला तर सांधे सुटलेत. खांबाच्या तळाशी, पायरीच्या वर, पातळ स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघायचा. टोक बिस्किटात गेल्यासारखं आत गेलं की लाकूड संपलं. आपल्याकडे तुकडा सागवानाचा घालतात. वजन चालतं, पण सागाला तेल असतं, सरस धरत नाही. म्हणून चिकटवण्याआधी सांध्याचा भाग थिनरने पुसून लगेच सरस लावायचा, ही तुमची युक्ती. आणि पत्रा ठोकताना लोखंडी चुका (बारीक खिळे) वापरायच्या नाहीत. ओल लागली की चुकीभोवती ॲल्युमिनियम पांढरं पडून खायला लागतं. पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर तर अजिबात नको. आत घाम धरतो. मांजरपाटाची खोळ आणि वारा खेळणारी शेड.

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी बघताच बॅटरी लावून स्टार्टर मारणाऱ्यांना तुम्ही थेट हाकलता, ते बरोबरच आहे. सहाही प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे पातळ ऑइल, दोन-तीन दिवस थांबायचं, मग हँडलने हळू फिरवायचं. फिरलं नाही तर जोर नाही, पुन्हा ऑइल आणि पुन्हा थांबणं. पुढे प्लग लावून हँडलने चालू करायची वेळ आली तर स्टेअरिंगवरचा इग्निशनचा खटका आधी 'लेट'वर, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाही. उलटा झटका बसला तर अंगठा वाचतो.

ऑइलचं तुम्ही समजावलं नसतं तर या भागात किती इंजिनं बसली असती कोण जाणे. या इंजिनाला आजच्यासारखा फिल्टर नाही, नुसती जाळी. बाकीची घाण क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य शाफ्टच्या) पोकळ पिनांमध्ये जाऊन बसते. फिरताना बाहेरच्या बाजूला फेकली जाते आणि डांबरासारखी घट्ट होते. गंमत अशी की ऑइलचा काटा छान प्रेशर दाखवतो, कारण अडथळा काट्याच्या पुढे आहे. बिगएंड, म्हणजे पिनेवरचं रॉडचं बेअरिंग, मात्र कोरडं. मग वर्षानुवर्षं साधं ऑइल खाल्लेल्या इंजिनात कुणीतरी आजचं डिटर्जंटवालं ऑइल ओततो, साचलेला गाळ सुटतो, भोकात अडकतो, आणि बेअरिंगमधलं मऊ व्हाइट मेटल वितळून खाली येतं. म्हणून इतिहास माहीत नसलेलं इंजिन चालवण्याआधी संप (खालची ऑइलची परात) उतरवून पिनांची झाकणं उघडून गाळ खरवडायचाच. त्यानंतर चांगलं 20डब्ल्यू-50 जाडीचं ऑइल खुशाल घाला, पण दीड हजार किलोमीटरला बदला. बेअरिंग ओतावंच लागलं तर रॉड गरम करून कल्हई नीट धरलीय याची खात्री, आणि फट शाफ्टच्या दर इंच व्यासाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग). कुपवाडच्या लेथवर हे काम होतं. पुण्या-मुंबईला धावायची गरज नाही, हेही तुम्हीच दाखवून दिलंत.

आता ऑटोव्हॅक. पेट्रोल टाकी मागे आणि खाली, कार्बोरेटर पुढे, मध्ये पंप नाही. इंजिनाच्या मॅनिफोल्डमधली (हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या नळीतली) ओढ वापरून फायरवॉलवरचा (इंजिनामागच्या भिंतीवरचा) हा डबा मागचं पेट्रोल खेचतो आणि वरून आपसूक खाली कार्बोरेटरला सोडतो. पसरणी घाट चढताना लोक पाय दाबून ठेवतात. थ्रॉटल पूर्ण उघडा असला की मॅनिफोल्डमधली ओढ जवळजवळ संपते, डबा भरत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडी गुदमरून थांबते. बिचारे कार्बोरेटर खोलत बसतात. उपाय फुकट आहे: प्रत्येक वळणावर दोन-तीन सेकंद पाय उचला. ओढ परत येते, डबा भरतानाचा घुळघुळ आवाज कानाला येतो, मग पुन्हा दाबा. सपाटीवरही गुदमरली तर झाकणाचं गॅस्केट किंवा पाइपचा नट हवा खेचतोय. काळा धूर येऊन पेट्रोलचा वास सुटला तर डब्यातला फ्लोट (पोकळ तरंगता गोळा) फुटून भरलाय, तो बुडाला की ओढ बंद होत नाही आणि पेट्रोल सरळ मॅनिफोल्डमध्ये जातं. फ्लोट गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे निघतील तिथे भोक. पण आतलं पेट्रोल पूर्ण काढून, वाफ घालवूनच कथिलाचा डाग द्यायचा, तोही तापवलेल्या खिळीने. ज्योत अजिबात नाही. गाडी महिनाभर उभी असेल तर वरच्या प्लगमधून पाव लिटर पेट्रोल ओतलं की स्टार्टरची दमछाक वाचते.

पेट्रोलचीच दुसरी भानगड इथेनॉलची. आपल्याच जिल्ह्यांच्या उसाचं, म्हणून तक्रार तरी कुणाकडे करणार! वीस टक्के इथेनॉलमध्ये लाखेचा हात दिलेला बुचाचा फ्लोट किंवा बुचाचं पॅकिंग टिकत नाही, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. जुने रबरी पाइप मऊ पडतात. ते बदलून विटॉन रबराचे घाला. शिवाय हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. इथे 20/25 च्या मालकाचं नशीब चांगलं: स्टेअरिंगवरच मिश्रणाचा खटका आहे, तो 'स्ट्राँग'कडे थोडा सरकवला की काम भागतं. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करू नये. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते तळाला बसतं.

पाण्याबद्दल तुमचं एकच वाक्य: बोअरचं नाही. ब्लॉकच्या मागच्या भागात क्षार साचतो आणि शेवटचं सिलिंडर आधी तापतं. डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक कूलंट. रोल्स-रॉइसच्याच फँटम 2 वाल्यांनी तर हे दुप्पट पाळावं, तिचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. रेडिएटरच्या पुढच्या झडपा बंद अडकल्या नाहीत ना, हे एप्रिलमध्ये सांगलीत निघण्याआधी बघायचं.

ब्रेकचा सर्व्हो (पायाच्या जोराला मदत करणारी यंत्रणा) गिअरबॉक्सवरून फिरतो, म्हणजे गाडी चालत असेल तरच मदत करतो. मारुती रोडच्या गर्दीत मुंगीच्या चालीने सरकताना पेडल जड लागतं, तो बिघाड नाही. हात हँडब्रेकवर ठेवावा. वेगातही जड लागलं तर मात्र गिअरबॉक्समधून पाझरलेलं ऑइल सर्व्होच्या लायनिंगवर गेलंय.

आणि पाने. या गाड्यांचे नट विटवर्थ आणि बीएसएफ या जुन्या इंग्रजी इंची मापांचे, त्यावर मिलिमीटरचा पाना चालवला की कडा गोल झाल्याच म्हणून समजा. तुम्ही तुमचा आख्खा डबा आमच्याकडे ठेवलात, त्याचे आभार वेगळे. रविवारी सकाळी आणून देतो. तीन-अष्टमांशाच्या पान्याचं तोंड आमच्याकडून थोडं फाकलंय, नवा मागवलाय; तो येईपर्यंत जुनाच डब्यात राहू द्या.

आपले,
सांगली-मिरजेतले जुन्या गाड्यांवाले