काकू, दादा आळशी नव्हता

आदरणीय काकू,

स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार असलेल्यांच्या घरच्यांसाठीच्या स्वमदत गटात पहिल्यांदा आले ती तक्रार घेऊनच. औषधांनी दादाला ऐकू येणारे आवाज थांबले होते. मग हा अजून अंघोळीला का उठत नाही? दिवसभर खिडकीशी का बसून राहतो? घरात सगळे त्याला ऐतखाऊ म्हणत. मीही म्हणायचे.

तुम्ही एवढंच विचारलंत, "त्याला उठायचं नसतं की उठता येत नाही?"

इच्छाच न उमटणं, बोलणं आटणं, चेहरा कोरा पडणं हीसुद्धा स्किझोफ्रेनियाची लक्षणं आहेत आणि भास-संशय कमी करणाऱ्या गोळ्यांचा त्यांच्यावर फारसा जोर चालत नाही, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. बाबा गेले तेव्हा दादा रडला नाही. तेराव्याला आलेले नातेवाईक त्याला दगड म्हणाले, आणि मी गप्प राहिले. चेहऱ्यावर दिसत नाही म्हणून आत काही नसतं असं नाही, हे तुम्ही सांगितलंत त्या रात्री मी त्याच्याजवळ जाऊन बसले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "बाबांचा चष्मा माझ्याकडे आहे."

दुकानातून चार वस्तू आणायला सांगितल्या की तो दोन विसरायचा. त्यावरूनही मी ओरडायचे. लक्ष आणि स्मरण या आजारात ढिलं पडतं, तेव्हा कागदावर लिहून दे, एका वेळी एकच काम सांग, हे तुमचंच.

आणि लपवाछपवी! आईने माझ्या लग्नाच्या वेळी दादा 'बाहेरगावी' असल्याचं सांगितलं होतं. कुणी देवऋषी सुचवला, कुणी म्हणालं त्याचंच लग्न लावून द्या, सुधारेल. त्या मुलीचा विचार कुणीच केला नाही, याचा मला आजही राग येतो. तुम्ही मला डॉ. जगन्नाथ वाणींबद्दल सांगितलंत. पत्नीचा हाच आजार त्यांनी लपवला नाही. कॅनडात राहत असूनही १९९७ साली पुण्यात त्यासाठी संस्था उभी केली. ते ऐकून मी सासरी दादाचा आजार नाव घेऊन सांगितला. सासूबाई म्हणाल्या, "मग दिवाळीला त्याला इकडेच आण."

काकू, तुमच्या स्वतःच्या मुलाचं सगळं करून तुम्ही माझ्यासाठी वेळ काढलात. मनापासून आभार.

रविवारी घरी याल ना? चहा दादा करणार आहे. 'काकूंना साखर कमी' असं त्याने स्वतः कागदावर लिहून ओट्यावर चिकटवलंय.

तुमची,
दादाची धाकटी बहीण