साकीनाक्याला उतरायचं कशाला?

जरीमरी, कुर्ला (पश्चिम)
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि आमसुलांची पिशवी, दोन्ही पोचलं. आमसुलं हिने लगेच बरणीत भरली, पत्र तेवढं माझ्या वाट्याला आलं. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जिवाला बरं वाटलं. आणि शेवटी तू विचारलंयस, "आपली ३३२ कशी आहे?" लोक बायकामुलांची खुशाली विचारतात, तू बसची विचारतोस! पण विचारलंस ते बरं केलंस. गेले पंधरा दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

थांब्यावर सध्या एकच चर्चा आहे. मेट्रो झाली, आता तिला समांतर धावणाऱ्या बस कशाला? लांबलचक मार्ग तोडायचे, त्यांचे तुकडे करायचे, आणि मेट्रोच्या स्टेशनांना जोडणाऱ्या छोट्या गाड्या सोडायच्या. आज या मार्गाचं नाव निघतं, उद्या त्या. ३३२ चं नाव अजून कोणी घेतलेलं नाही. पण जात्यातले रडतात तेव्हा सुपातल्यांनी हसून भागत नाही. कागदावर आपला मार्ग बघ. कुर्ला स्टेशन, कमानी, जरीमरी, सफेद पूल, साकीनाका, मरोळ नाका, चकाला, आणि शेवटी अंधेरी स्टेशनाबाहेरचा आगरकर चौक. यातल्या साकीनाक्यापासून पुढे अंधेरीपर्यंत मेट्रो थेट आपल्या डोक्यावरून जाते. हातात लाल पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाला साकीनाक्याला रेघ मारावीशी वाटणारच. तिथपर्यंत बस, पुढे मेट्रो. दिसायला किती सुटसुटीत!

आमच्या शेजारच्या विनयचं म्हणणंही तेच. तो बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात कामाला आहे, मरोळ नाक्याला मेट्रो बदलून जातो, आणि आता गर्दीत घाम गाळायला नको म्हणून खूश आहे. परवा जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "काका, तुमची बस कुर्ल्याच्या सिग्नलला अडकली की अंधेरीवाल्यांनी का ताटकळायचं? मार्ग छोटा असला की गाडी वेळेवर येते." यात खोटं काही नाही. तुला आठवतंय ना, पस्तीस मिनिटं एकही नाही आणि मग एकापाठोपाठ तीन ३३२? पहिलीला माणसं लटकलेली, दुसरी निम्मी भरलेली, तिसरीत वाहक एकटा ऐसपैस बसून हिशेब करतोय. तू त्यांना माहेरवाशिणी म्हणायचास, एकटी म्हणून कधी यायची नाही. मार्ग जितका लांब, तितका हा घोळ जास्त. तेव्हा विनयला मी मूर्खात काढलं नाही. फक्त विचारलं, "तू साकीनाक्याला कधी बस सोडून मेट्रो धरलीयस का रे, हातात सामान घेऊन?" तो हसला. त्याची सॅक पाठीवर असते.

मेट्रो काय आपल्याला नवी नाही. जून २०१४ मध्ये पहिली मेट्रो सुरू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात आपण दोघं घाटकोपरहून वर्सोव्याला नुसतं बसायला म्हणून गेलो होतो. तेव्हा पहिला महिनाभर कुठूनही कुठेही १० रुपये होते. तू खिडकीतून खाली बघून म्हणालास, "आता ३३२ रिकामी होणार, पाय पसरून बसू." होत आली की रे बारा वर्षं. अजून कोपर मारल्याशिवाय आत शिरता येत नाही. का? कारण मेट्रो साकीनाक्याहून असल्फ्याकडे वळून घाटकोपरला जाते. जरीमरीला, बैलबाजारला, कमानीला ती येतच नाही. आपल्या पट्ट्यातल्या माणसाला मेट्रो दिसते, मिळत नाही.

मागच्या मंगळवारी मी एक उद्योग केला. सकाळच्या बसला दाराजवळच उभा राहिलो आणि एका पाकिटाच्या पाठीवर मोजदाद केली. साकीनाक्याला उतरले अकरा, चढले चौदा. बाकी गाडी होती तशी पुढे गेली. मरोळ नाक्याला मात्र निम्मी ओतली. माझ्यापुढे एक मावशी होत्या, सुक्या मासळीची पाटी घेऊन. मरोळच्या बाजाराची वेळ तुला माहीतच आहे, आणि वासही. पाटीवर निळं प्लास्टिक, त्यावरून सुतळीचे चार वेढे, आणि एवढं करूनही एक बोंबील शेपटी बाहेर काढून सगळ्यांकडे बघत होता. एका इस्त्रीच्या शर्टवाल्याने नाकाला रुमाल लावला. मावशी म्हणाल्या, "लाव बाबा, दोन थांबे आहेत, नंतर तुझा वास तुला." आता ही पाटी साकीनाक्याला खाली उतरवायची, रिक्षांच्या गर्दीतून मेट्रोच्या दारापर्यंत न्यायची, तपासणीच्या यंत्रातून काढायची आणि वर फलाटावर चढवायची. कशासाठी? पुढच्या एका स्टेशनासाठी. ज्याने रेघ मारायची, त्याने आधी ती पाटी एकदा डोक्यावर घेऊन दाखवावी.

माझं स्वतःचं दुखणं गुडघ्याचं. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे, सगळं कबूल. पण लिफ्टपर्यंत पोचायला जो चौक ओलांडावा लागतो तिथे काय आहे? बसमध्ये एकदा टेकलो की चकाल्यापर्यंत मी राजा असतो. उतरून पुन्हा चढायचं म्हटलं की राजाचा भिकारी होतो. आणि वेळेचं म्हणशील तर बसमध्ये बसून काढलेली वीस मिनिटं आणि थांब्यावर मान लांब करून काढलेली वीस मिनिटं, घड्याळाला सारखी असतील, माणसाला नसतात. बसलेल्या माणसाला डुलकी येते, उभ्या माणसाला शिव्या येतात.

पैशाचं तर विचारूच नकोस. २०१९ मध्ये भाडं पाच रुपयांवर आणलं तेव्हा तू पोरासारखा नाचला होतास. गेल्या वर्षी मे महिन्यात ते दुप्पट झालं. पहिल्या पाच किलोमीटरला साधी बस १०, एसी १२. पुढे जाल तसं वाढतं, पण दुपटीने नाही. म्हणजे सरळ एका बसने गेलास तर पहिला टप्पा एकदाच भरतोस. मधे तोडलं की तो दोनदा भरायचा, मेट्रो धरली तर तिचे कमीत कमी १० वेगळे. कोणी म्हणेल, दिवसाचा पास काढा की, ७५ रुपयांत हवं तेवढं फिरा. अरे, ज्याला सकाळी जायचं आणि संध्याकाळी यायचं, तो ७५ कशाला घालवेल? आणि तो पास मेट्रोत चालणार आहे थोडाच. मी विनयला म्हटलं, एकच तिकीट कर, दीड-दोन तासांत बस बदला नाहीतर मेट्रोत चढा, पुन्हा पैसे नाहीत. मग तुझे तुकडे माझ्या तुकड्यांशी जुळतील का ते बघू. तो म्हणाला, "ते होईल हळूहळू." हे हळूहळू मी गिरणगावातही ऐकलंय.

तोडलेला मार्ग कसा दिसतो हे आपल्याला कोणी समजावून द्यायला नको. डिसेंबर २०२४ ची ती रात्र तुला मी फोनवर सांगितली होती. कुर्ल्याच्या बर्वे मार्गावर आपल्याच नंबरची गाडी लोकांवर गेली. त्या विषयावर मला अजून लिहवत नाही. पण त्यानंतर काही दिवस कुर्ला स्टेशनपर्यंत बस येणंच बंद होतं, सगळ्या अलीकडेच थांबत होत्या. ते कारणच असं होतं की कोणी तक्रार केली नाही, आणि करूही नये. पण त्या दिवसांत स्टेशनाबाहेर काय चालू होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. रिक्षावाले माणसामागे मागतील तो आकडा. हातात औषधांची पिशवी घेतलेली एक म्हातारी प्रत्येक रिक्षात वाकून विचारायची आणि सरळ व्हायची, वाकायची आणि सरळ व्हायची. शेवटी चालत निघाली. बसचा शेवटचा एक किलोमीटर गेला की तो मेट्रोला मिळत नाही, शेअर रिक्षाला मिळतो. हे नकाशावर दिसायचं नाही.

आता तू म्हणशील, दिल्या हटवादी झाला. नाही रे. सगळंच होतं तसं ठेवा असं मी म्हणत नाही. येत्या १५ जुलैला मुंबईत बस सुरू होऊन शंभर वर्षं होतील. १९२६ ची ती पहिली बस अफगाण चर्चहून क्रॉफर्ड मार्केटला जायची, म्हणजे मार्ग छोटाच की! छोट्या मार्गाचं मला वावडं नाही. मरोळ नाक्याहून एमआयडीसीच्या आतल्या गल्ल्यांत छोट्या गाड्या फिरवा, मी हार घालायला येईन. आपण दोघं किती वर्षं तो रस्ता पावसात तुडवला, पायमोजे पिळून कंपनीच्या पंख्याखाली वाळत घातले. तिथे दहा मिनिटांनी एक गाडी आली तर पोरींची रात्रपाळीची भीती तरी जाईल. फक्त ती गाडी आणायची कुठून, तर ३३२ ची एक काढून, हे चालणार नाही.

खरी गोम तिथेच आहे, सुधाकर. एकेकाळी चार हजारांच्या वर बस होत्या या शहरात. आज तीन हजारही नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक भाड्याच्या. अंगावरची चादर आखूड झाली की माणूस डोकं झाकू का पाय, याचा विचार करतो, आणि त्या विचाराला आता फेररचना म्हणायचं. गाड्या पुऱ्या असत्या तर समांतर का होईना, कोणाच्या पोटात दुखलं नसतं. लोकलला समांतर बस शंभर वर्षं धावतेच आहे की. गाड्या कमी आहेत हे सरळ सांगा, आम्ही चार दिवस कळ काढू. पण मार्ग तुमच्या सोयीसाठी बदलतोय असं माझ्याच तोंडावर नका सांगू.

बाकी बसचं म्हणशील तर तुझी ती लाल, घंटीच्या दोरीची गाडी गेली. आता दार आपोआप मिटतं, आत गारवा असतो, गाडी आवाज करत नाही, त्यामुळे मागून आली की दचकायला होतं. मोबाइलवर बस कुठवर आली ते दिसतं. कधीकधी तिथे दिसते आणि रस्त्यावर नसते, ती गोष्ट वेगळी. पुढच्या पाटीवर आकडा अजून मराठीतच आहे, ३३२, लांबून वाचता येतो. परवा थांब्यावर बिहारचा एक पोरगा, नवीनच आलेला, मला म्हणाला, "चाचा, ये तीन-तीन-दो है ना?" पंधरा दिवसांत त्याला मराठी आकडे येत होते. म्हटलं, शाळा कुठली? तर म्हणे यही बस.

आता कामाचं. थांब्यावरच्या आम्ही सात-आठ जणांनी बेस्टकडे अर्ज करायचं ठरवलंय. भाषण नको, मोजके मुद्दे: तोडायचंच झालं तर साकीनाक्याला नको, मरोळ नाक्याच्या अलीकडे तर मुळीच नको. बदलाल तर तिकीट एकच ठेवा. बदलण्याआधी महिनाभर थांब्यावर मराठीत आणि हिंदीत पाटी लावा, नुसती मोबाइलवर नको. अर्ज मी लिहिलाय, सोबत जोडतो. तुझ्या लाल पेनाने तपास. "मेहेरबान साहेब" मी ठेवलंय, तुला जुनाट वाटलं तर काढ.

आणि तुझ्याकडून एक वस्तू हवी आहे. तू कॅलेंडरच्या पानांमागे रोज बस किती वाजता आली ते लिहून ठेवायचास. आम्ही सगळे तुला हसायचो, वहिनी तर रद्दीत घालायला निघाल्या होत्या. ती पानं चिपळूणला नेलीस की इथेच टाकलीस? नेली असशील तर पाठव. माझ्याकडे एका मंगळवारचं पाकीट आहे, तुझ्याकडे कितीतरी वर्षांची सकाळ आहे. साहेबासमोर ठेवायला त्याहून चांगलं दुसरं काय? टपालाने पाठवू नकोस, पुढच्या आठवड्यात तुमच्या गल्लीतला तो मुलगा येणार आहे ना, त्याच्या हाती दे. आणि गुंडाळी करू नकोस, कडा तुटतील. सपाट ठेव, वर्तमानपत्रात.

वहिनींना नमस्कार, डोळ्यात थेंब वेळेवर घाला म्हणावं.

तुझा,
दिलीप