चित्राआधी भिंत सुकवा

महोदय,
कोकणात शाळांच्या जांभ्याच्या भिंतींवर चित्रे रंगवण्याची हौस वाढली आहे, पण दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे निघतात. दोष बहुधा रंगाचा नसतो. पायातून ओल चढते, क्षार पांढरे होऊन भिंतीवर फुलतात आणि ॲक्रिलिक रंगाचा थर सुटतो. वरून वॉर्निश मारले तर ओल आणखीच कोंडते. आधी पन्हळ, गळती दुरुस्त करा. नव्या गिलाव्याला निदान २८ दिवस द्या. क्षार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतले तर विरघळून पुन्हा आत मुरतात.

निगा कशी राखावी, ते अमेरिकेत पाहा. सॅन डिएगोच्या मेक्सिकन वंशाच्या (चिकानो) रहिवाशांनी १९७० साली पुलाखालची जागा अडवून चिकानो पार्क मिळवले. तिथल्या खांबांवर १९७३पासून त्यांचा इतिहास रंगतो आहे, डागडुजीलाही वस्तीच पुढे असते. आपल्याकडे उद्घाटनाला पैसे असतात, पन्हळीला नसतात.

– एक भित्तिचित्रकार, मालवण