मिरगाआधी जपानी रंधे-पटाश्या तपासा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मिरग जवळ आला की कोकणात घरे शाकारली जातात, होड्या वर ओढल्या जातात. त्याच ओघात सुतारशाळेतली जपानी हत्यारेही बघून घ्यावीत, म्हणून हे पत्र. मालवण, कुडाळ, सावंतवाडीकडचे तरुण सुतार आणि काही हौशी मंडळी आता 'कान्ना' म्हणजे ओढून चालवायचा रंधा, 'नोमी' म्हणजे पटाशी आणि ओढून कापायच्या करवती मागवू लागली आहेत. हत्यार उत्तम असते. वर्षभरात ते कपाटात जाते आणि 'जपानी माल नाजूक' असा शेरा उरतो. हा शेरा चुकीचा आहे. घात बहुतेक वेळा ग्राइंडरवर होतो आणि उरलेला पावसाळ्यात.

या पात्यात दोन धातू असतात. जाड भाग मऊ लोखंडाचा. त्यावर धारेच्या बाजूला कडक पोलादाचा पातळ थर भट्टीत तापवून, घणाने ठोकून एकजीव केलेला. धारेच्या उतारावर दोन्हींमधली रेघ डोळ्यांना दिसते: धारेलगत चकचकीत पट्टी, तिच्यावर मंद राखाडी. पोलाद पुष्कळदा शिमाने प्रांतातल्या यासुगीचे, 'पांढरा कागद' नाही तर 'निळा कागद' या नावाचे. ही नावे त्याला लावलेल्या कागदाच्या रंगावरून पडली. पांढऱ्यात कार्बन एक टक्क्याहून जास्त आणि बाकी मिश्रण जवळपास नाही, निळ्यात टंगस्टन आणि क्रोमियमही असते. आपल्याकडे कोयते ज्या गाडीच्या पाट्यापासून घडवतात त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो. कार्बन जास्त असल्यामुळे जपानी पाते रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ६२ ते ६५ इतके कडक ठेवता येते. हा कडकपणा पाणी दिल्यावर जेमतेम दीड-दोनशे अंशांवर शेकून राखलेला असतो. ग्राइंडरच्या चाकावर पातळ धार काही सेकंदांत त्याच्या पुढे जाते. धारेवर निळी झाक आली की तिथला कडकपणा गेला. तेवढा भाग दगडावर घासून संपवावा लागतो, दुसरा उपाय नाही.

म्हणून धार पाण्याच्या दगडावरच. १००० नंबरचा दगड बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १०-१५ मिनिटे, पाण्यात ठेवावा. ६००० किंवा ८००० च्या दगडावर वरून पाणी शिंपडले तरी पुरते. दगड मधे झिजून खोल झाला की पात्याचा उतार गोल होतो आणि कितीही घासले तरी धार लागत नाही. ही चूक सर्वांत जास्त दिसते. जाड काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर ठेवा, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत घासा. दर दोन-तीन पात्यांनंतर हे करावेच. उतार पूर्ण सपाट ठेवायचा, रंध्याला २८ ते ३० अंश. ऐनासारख्या कठीण लाकडाला थोडा जास्त. १००० वर घासताना पात्याच्या मागे टोकापासून टोकापर्यंत बोटाला खर, म्हणजे धारेपलीकडे वळलेली धातूची बारीक कड, लागली पाहिजे. ती लागल्याशिवाय बारीक दगडाकडे जाऊ नये. तिथे तासभर घालवूनही हाती काही येत नाही. खर आल्यावर बारीक दगडावर आधी उतार, मग पाठ, असे आलटून पालटून ती गळेपर्यंत.

पाठीला मधे खोलगा असतो, त्याला 'उरा' म्हणतात. त्यामुळे दगडावर फक्त कडेची चौकट टेकते आणि पाठ पटकन सपाट होते. खोलगा 'काढून टाकायला' कुणी खरखरीत दगडावर पाठ घासली, तर पाते कायमचे बिघडते. पुढे रंध्याचा उतार झिजत गेला की धारेलगतची सपाट पट्टी अरुंद होत नाहीशी होते आणि धार खोलग्यात जाऊन पडते. तेव्हा 'उरादाशी' करायची. पाठ ऐरणीच्या गोल कोपऱ्यावर टेकवून उतारावरच्या मऊ लोखंडावर, पोलादाच्या रेघेच्या वर, लहान हातोडीच्या टोकाने हलके पन्नास-शंभर ठोके द्यायचे. टेकू बरोबर ठोक्याच्या खाली हवा. पोलाद पाठीच्या बाजूला किंचित फुगते, मग १००० च्या सपाट दगडावर पाठ घासून नवी पट्टी काढायची. एक ठोका चकचकीत पट्टीवर पडला तरी पोलादाला तडा जातो. अरुंद पटाशीवर हा प्रयोग करूच नये. तिची पाठ प्रत्येक धारेबरोबर जराशी घासत राहिली की पुरे.

आता पावसाळा. कान्नाचे अंग जपानी ओकच्या लाकडाचे असते, आणि त्यात पाते फक्त दोन्ही बाजूंच्या खाचांत पाचरीसारखे अडकते. जून ते सप्टेंबर अंग फुगते, तळ वाकडा होतो. ऑक्टोबरच्या उन्हात ते आखडते. पात्याच्या दोन्ही कडांना खाचेत अर्धा-अर्धा मिलिमीटर जागा नसेल तर अंगच चिरते. पाते हाताने आत सरकवून पाहा, आडवे किंचित हलले पाहिजे. काम नसेल तेव्हा पाते सैल करून ठेवा. सैल करताना ठोका अंगाच्या मागच्या टोकाला, मध्यापासून डावी-उजवीकडे आलटून. तळ तपासायला पट्टी लावा. ओढताना पुढे राहणारे टोक आणि तोंडाच्या अगदी पुढची रेघ एवढेच लाकडाला टेकावे, मधला भाग कागदाच्या जाडीइतका खोलगट हवा. पाते फार घट्ट झाले असेल तर त्याच्या उताराच्या बाजूला पेन्सिल चोळून आत ठोका, काढा, आणि बैठकीवर, म्हणजे पाते टेकते त्या लाकडावर, जिथे काळे डाग पडले तेवढेच पटाशीने खरवडा. सैल झाले तर बैठकीवर कागद चिकटवा.

खारा वारा हा दुसरा शत्रू. ही पाती साध्या कार्बनी पोलादाची, रात्रभर ओली राहिली तरी गंजतात. काम झाले की कोरडी पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवावा. जपानात कॅमेलियाच्या बियांचे तेल वापरतात. गोडेतेल नको, ते चिकट होऊन बसते. चामड्याच्या म्यानात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. तेलाचे फडके बरे. खोलग्यात गंजाचा ठिपका पडला तर फार बिघडत नाही, पण धारेलगतच्या पट्टीवर खड्डा पडला की धार तिथवर झिजल्यावर तिला खाच पडणार.

पटाशीच्या मुठीवरची लोखंडी वसवी नवीन असताना नुसती अडकवलेली असते. ती काढून आतली कड कानशीने गोल करावी, मुठीचे टोक हातोडीने चेपून वसवी दोन-तीन मिलिमीटर खाली बसवावी आणि वर राहिलेले लाकूड ओले करून ठोकत पसरावे. हे न करता काम सुरू केले की मूठ फुटते. पटाशी तरफेसारखी उचकटायला वापरू नये.

करवतीचे दात मऊ पाइन-देवदाराच्या जातीच्या लाकडांसाठी पातळ केलेले असतात. वाळलेल्या ऐनात ढकलून जोर दिला की दात पडतात. दातांची टोके काळी-निळी असतील तर ती विजेच्या उष्णतेने कडक केलेली आहेत, कानस चालत नाही, पाते बदलावे. सागात सिलिका असल्याने धार लवकर जाते. सागाचे काम जास्त असणाऱ्याने 'निळा' घ्यावा, फणस-शिवणीवर 'पांढरा' चांगला.

मऊ लोखंडाला धारेपुरते पोलाद चढवणे हे काम आपल्या लोहारांना परके नाही. योग्य पोलाद मिळाले तर अशी पाती इथल्या भट्टीवरही घडू शकतील. पण आधी धार लावता यायला हवी. जिल्ह्यातल्या आयटीआयच्या सुतारकामाच्या वर्गात १००० आणि ६००० चे दगड, एक जाड काच आणि वॉटर पेपर एवढे साहित्य ठेवावे आणि ग्राइंडरला हात लावण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक पटाशी पूर्ण हाताने लावून घ्यावी, ही आमची संबंधितांना विनंती आहे.

– सुतारकाम करणारे काही वाचक, सिंधुदुर्ग